कार्बनच्या आलेखातले दाते

हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे, हे आता बहुतेकांनी ऐकलेले असते. पण ते सांगताना आपण बहुधा नुसता वाढलेला आकडा सांगतो आणि कार्बनचक्र, म्हणजे हवा, वनस्पती, माती आणि समुद्र यांच्यातील कार्बनची ये-जा, हा मूळ विषय बाजूला राहतो. माझ्या मते, लोकांसमोर आधी शास्त्रज्ञ कीलिंग यांच्या मोजणीतून तयार झालेला, हवेतील या वायूचे प्रमाण दाखवणारा आलेख ठेवावा आणि त्यातील वर जाणाऱ्या रेषेइतकेच तिच्या दात्यांकडेही लक्ष वेधावे.

चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर मोजणी सुरू केली, तेव्हा कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे ३१३ रेणू होते. २०२४ ची वार्षिक सरासरी ४२४ च्या पुढे गेली. मात्र ही चढण सरळ नाही. दरवर्षी मे महिन्यात प्रमाण शिखराला पोहोचते, सप्टेंबरअखेरपर्यंत सहा-सात रेणूंनी उतरते आणि पुन्हा चढू लागते, त्यामुळे रेषेला करवतीसारखे दाते पडतात. पृथ्वीवरील बहुतांश जमीन उत्तर गोलार्धात असल्याने तेथील अरण्ये आणि शेते उन्हाळ्यात वाढताना हवेतून कार्बन खेचून घेतात, आणि पानगळीनंतर कुजणारा पाचोळा व माती तो परत करतात. एका निर्जन डोंगरावरील यंत्राला सैबेरिया-कॅनडातील जंगलांचा ऋतू कळतो, ही मला या साऱ्या संशोधनातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

मग ‘झाडेच एवढा वायू देतात-घेतात, तर माणसाचा दोष कसा?’ हा प्रश्न श्रोत्यांतून येतोच, आणि तो रास्त आहे. झाडांची देवाणघेवाण वर्षभरात जवळपास फिटते. कोळसा व तेल जाळून आलेला कार्बन मात्र चक्रात नव्याने पडलेली भर असते. शिवाय कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या इंधनात कार्बन-१४ (काळानुसार क्षय पावणारा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) उरलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या धुराने हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पातळ होते आणि वाढीचा उगम ओळखता येतो. आपण सोडलेल्या वायूपैकी साधारण निम्माच हवेत राहतो. उरलेला समुद्र, वनस्पती आणि माती शोषून घेतात, आणि त्यापायी समुद्राचे पाणी अधिक आम्लधर्मी होत आहे.

मराठी वाचकांना हे सांगताना हवाईच्या जोडीला गोव्याचेही उदाहरण द्यावे. काणकोण तालुक्यातील काबो-द-राम येथे १९९३ पासून समुद्रकाठची हवा काचेच्या बाटल्यांत भरून विश्लेषणासाठी ऑस्ट्रेलियात पाठवली जात असे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा या कामात सहभाग होता. ही जागा निवडण्यामागे मोसमी वारे आहेत. पावसाळ्यात तेथे दक्षिणेकडील हिंदी महासागरावरून आलेली स्वच्छ हवा मिळते, तर हिवाळ्यात वारे उलटल्यावर उपखंडाच्या जमिनीवरून वाहत आलेली. या दोन्हींतील फरकातून आपल्या भूभागाने हवेत किती भर घातली, याचा अंदाज बांधता येतो.