हे 45 आले कुठून?

सांगलीत पावसाळ्यात दोन आकडे सगळ्यांना पाठ असतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 वर धोका पातळी. समजा, इथल्याच एखाद्या विद्यार्थिनीने पूरसूचनेचा प्रोग्राम जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला घेतला. जावाला देवनागरी नावं चालतात. तिने 'इशारा = 40' आणि 'धोका = इशारा + 5' असे दोन स्थिरांक, म्हणजे न बदलणाऱ्या किमतींची नावं, केले आणि मेथडच्या (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याच्या) वर ॲनोटेशन लावलं: @सूचना(पातळी = धोका).

ॲनोटेशन म्हणजे कोडवर डकवलेली चिठ्ठी. 2004 च्या जावा 5 पासून ती आहे. तिच्यात लिहिलेला आकडा किंवा मजकूर कोड कंपाईल होतानाच, म्हणजे कंपायलर त्याचं चालवता येईल अशा रूपात भाषांतर करतानाच, ठरलेला असावा लागतो. मेथड बोलावून काढलेलं उत्तर चालत नाही, 'नल' म्हणजे रिकामी किंमतही नाही. कारण ही किंमत कंपायलरने बनवलेल्या क्लास फाईलमध्ये कोरली जाते आणि प्रोग्राम न चालवताही वाचता यायला हवी.

आता चिठ्ठ्या वाचून नवा कोड लिहिणारी साधनं, म्हणजे ॲनोटेशन प्रोसेसर, इथे येतात. त्यांनी 'पातळी' विचारली की कंपायलर बेरीज उरकून सरळ 45 हातात देतो. 'धोका' हे नाव गळून पडतं. तयार झालेल्या फाईलमध्ये नुसतं 45 दिसतं आणि ते कुठून आलं हे वाचणाऱ्याला कळत नाही. मला हे खटकतं. नाव परत मिळवायचं तर कंपायलरच्या वाक्यरचनेच्या झाडात, म्हणजे त्याने कोड वाचून केलेल्या मांडणीत, शिरावं लागतं. अँड्रॉइडवरच्या बटरनाइफ या साधनाने ती मेहनत घेतली होती, म्हणून त्याने तयार केलेल्या कोडमध्ये स्क्रीनवरच्या घटकांच्या लांबलचक क्रमांकांऐवजी नावं दिसायची.

नुसती किंमत लिहिणंही वाटतं तितकं सोपं नाही. 30 दिवसांचे मिलिसेकंद 2592000000 होतात; 'इंट' हा पूर्णांकांचा नेहमीचा प्रकार 2147483647 पर्यंतच जातो. साधनाने आकड्याच्या शेवटी एल (L) हे मोठ्या पूर्णांकाची खूण असलेलं अक्षर लावलं नाही, तर तयार कोड कंपाईलच होत नाही. मूळ गुणाकारच 'इंट'मध्ये केला असेल तर कंपायलर न थांबता -1702967296 देतो आणि साधन तेच इमानदारीने उतरवतं.

स्थिरांक दुसऱ्या साधनाने अजून तयारच केलेला नसेल, तर जावाचा नेहमीचा कंपायलर किंमत म्हणून 'एरर' असा शब्द देतो. कंपायलर ही साधनं फेऱ्याफेऱ्यांनी चालवतो; शहाणं साधन अशा वेळी ते काम पुढच्या फेरीवर ढकलतं.

आणि हे दोन आकडे वेगळ्या लायब्ररीत, म्हणजे वेगळ्या ठेवलेल्या तयार कोडच्या संचात, असतील, तर तिथे ते बदलून फक्त लायब्ररी कंपाईल केल्याने काही होत नाही. ते वापरणाऱ्या जुन्या क्लास फाईलमध्ये 45 च राहतं. ती फाईलही पुन्हा कंपाईल करावी लागते.