राग गिळणं आणि राग विरळ होणं

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. समोरचा वाट्टेल ते बोलतोय आणि ऐकणारा शांत आहे. आवाज चढत नाही, उलट उत्तर येत नाही. पण एकाने राग गिळलेला असतो, आणि दुसऱ्याला तो मुळात आलेलाच थोडा असतो. योगाभ्यास करणाऱ्यांची गफलत इथेच होते. पहिलं जमलं की दुसरंही साधलं, असं वाटू लागतं.

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात पतंजलींनी क्लेशांच्या, म्हणजे मनाला छळणाऱ्या द्वेषासारख्या दोषांच्या, चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार. त्यातल्या मधल्या दोन आपल्या कामाच्या. विच्छिन्न म्हणजे तात्पुरता खंडित. व्यासभाष्य या योगसूत्रांवरच्या जुन्या विवरणातला दाखला असा, की आसक्ती जोरात असते त्या वेळी क्रोध दिसत नाही. पण म्हणून तो संपलेला नसतो. गिळलेला राग या जातीचा. त्याच्यावर भीती, भीड किंवा ‘मी साधक, मी कसा चिडणार’ हा अहंकार बसलेला असतो. तो उठला की राग हजर, आणि बहुधा भलत्याच माणसावर निघतो. तनू म्हणजे क्षीण झालेला, आणि तो क्षीण होतो प्रतिपक्षभावनेने.

या प्रतिपक्षभावनेचा अर्थ लोक फारच गोड करून टाकतात. राग आला की चांगले विचार करा, झालं! सूत्र तेवढं भोळं नाही. हिंसेसारखे विचार स्वतः अमलात आणलेले, दुसऱ्याकडून करवलेले किंवा नुसते अनुमोदलेले असतात. ते लोभ, क्रोध, मोहातून येतात. मृदू, मध्यम किंवा तीव्र असतात. आणि त्यांचं फळ दुःख व अज्ञान हेच असतं. हे सगळं नीट न्याहाळणं म्हणजे प्रतिपक्षभावना. त्यातलं ‘अनुमोदलेले’ मला सर्वात बोचरं वाटतं. आपण गप्प राहिलो, पण दुसऱ्याने त्या माणसाला झापलं तेव्हा आतून गुदगुल्या झाल्या, तर तो हिशोब आपल्याच खात्यात जातो.

फरक ओळखायचा तर पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, बघा. हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत. गिळणारा दात आवळतो, श्वास कोंडतो, पाठ ओढून काढतो. चेहरा मात्र स्थितप्रज्ञाचा! धीराने करणारा ताण जाणवेल तिथेच थांबतो, श्वास सोडतो, जबडा सैल आहे का ते पाहतो. मांडीमागचा ताण दोघांनाही तेवढाच. एक त्याच्याशी भांडतो, दुसरा त्याच्यासोबत बसतो. भांडणाच्या वेळी शरीर हेच करतं: श्वास अडकतो, जबडा आवळला जातो. ती खूण आसनात ओळखीची झाली, तर एरवीही लवकर सापडते. तेव्हा उच्छ्वास श्वासापेक्षा लांबवावा. उच्छ्वासात हृदयाची गती थोडी मंदावते. रागाच्या भरात कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, मात्र नको, तो कोंडण्याचाच प्रकार होतो.

आणखी एक. राग विरळ झालेला माणूस गप्पच बसेल असं नाही. ‘हे मला चालणार नाही’ एवढं तो सरळ सांगतो, आणि त्याच दिवशी सांगतो. गिळणारा महिनाभर हसून दाखवतो आणि मग महिन्याभराचं एकदम काढतो.