‘आइस बकेट चॅलेंज’चा पैसा कुठे गेला?

डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची आणि चेतापेशी निकामी करणाऱ्या ‘एएलएस’ या आजारासाठी देणगी द्यायची, अशी ही मोहीम. तिच्या ‘देणग्यांपैकी जेमतेम २७ टक्के संशोधनाला, बाकी संस्थेच्या घशात’ हा आरोप २०१४ पासून फिरतो आहे. आकडा या देणग्या घेणाऱ्या अमेरिकेच्या एएलएस असोसिएशनच्याच जमाखर्चातला आहे. मात्र तो जानेवारी २०१४ अखेरच्या वर्षाचा, म्हणजे बर्फाच्या बादल्या ओतल्या जाण्यापूर्वीचा आहे. त्या वर्षीही सुमारे निम्मा खर्च रुग्णसेवा आणि जनजागृतीवर झाला होता, आणि त्याला ‘घशात घालणे’ म्हणणे हा निव्वळ कांगावा आहे. पुढे उन्हाळ्यात जमलेल्या ११.५ कोटी डॉलरपैकी ७.७ कोटी, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश रक्कम, संशोधनाच्या वाट्याला आली. त्यातूनच मदत मिळालेल्या, एएलएसमागची जनुके शोधणाऱ्या ‘प्रोजेक्ट माइन’च्या शास्त्रज्ञांनी या आजाराशी एनईके१ जनुकाचा असलेला संबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध केला.