४३२ पार्क ॲव्हेन्यू

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, ५६व्या व ५७व्या रस्त्यांच्या दरम्यान असलेली आलिशान निवासी गगनचुंबी इमारत. उंची ४२५.५ मीटर (१,३९६ फूट). २०१५ मध्ये पूर्ण झाली तेव्हा ती जगातील सर्वांत उंच निवासी इमारत होती. हा मान पुढे जवळच्याच सेंट्रल पार्क टॉवरने (४७२ मीटर) पटकावला. वास्तुरचनाकार राफाएल व्हिन्योली (१९४४–२०२३). विकासक मॅकलो प्रॉपर्टीज व सीआयएम ग्रुप. या जागेवर पूर्वी ड्रेक हॉटेल होते, ते २००७ मध्ये पाडले गेले.

इमारतीचा पाया चौरस, बाजू साधारण ९३ फूट. तीच रुंदी टोकापर्यंत कायम राहते. कुठे पायरी नाही, निमुळतेपणा नाही, कळस नाही. पांढऱ्या काँक्रीटच्या चौकटीत प्रत्येक बाजूला दर मजल्यावर दहा बाय दहा फुटांच्या सहा खिडक्या. योझेफ होफमान या ऑस्ट्रियन कलावंताने घडवलेल्या जाळीदार कचरापेटीवरून ही चौकट सुचल्याचे खुद्द व्हिन्योलींनी सांगितले होते. उंची रुंदीच्या पंधरापट आहे. दोन सेंटिमीटर रुंदीची तीस सेंटिमीटरची पट्टी टेबलावर उभी धरली की हे प्रमाण डोळ्यांना दिसते.

एवढ्या सडपातळ इमारतीचा खरा शत्रू वजन नव्हे, वारा. चौकोनी खांबाला वळसा घालून जाताना वारा आळीपाळीने दोन्ही कडांवरून भोवरे सोडतो आणि इमारतीला आडवे हेलकावे देतो. भोवऱ्यांचा ताल इमारतीच्या स्वतःच्या झुलण्याशी जुळला तर हेलकावा वाढत जातो. हा ताल मोडण्यासाठी दर बारा मजल्यांनंतर दोन मजले बिनकाचेचे, आरपार उघडे सोडले आहेत. माथ्याजवळ शेकडो टनांची दोन वजनेही टांगलेली आहेत. इमारत एकीकडे झुकू लागली की ती मागे राहून झोका शोषतात. झुलणे त्यामुळे थांबत नाही, राहणाऱ्याला सोसवेल इतके कमी होते.

या उंचीमागे कायद्याचाही हात आहे. मॅनहॅटनच्या या भागात इमारत किती उंच असावी यापेक्षा तिचे एकूण चटईक्षेत्र किती असावे यावर बंधन असते आणि यंत्रांसाठी ठेवलेले मजले त्यात धरले जात नसत. म्हणजे ज्या रिकाम्या मजल्यांतून वारा निघून जातो, तेच वरचे फ्लॅट आणखी वर उचलून धरतात. विकायची असते ती सेंट्रल पार्कवरची नजर, आणि वर जावे तशी तिची किंमत वाढते. या पळवाटेवर टीका वाढल्यावर २०१९ मध्ये शहराने अनेक निवासी विभागांत २५ फुटांहून उंच यंत्रजागा चटईक्षेत्रात मोजण्याचा नियम केला. तोवर हा मनोरा बांधून झाला होता.

आत सुमारे सव्वाशे फ्लॅट. छत साडेबारा फूट उंच, तरणतलाव, फक्त रहिवाशांसाठी उपाहारगृह. सर्वांत वरचा फ्लॅट २०१६ मध्ये सुमारे ८.८ कोटी डॉलरला विकला गेला. अनेक मालकांचे हे दुसरे-तिसरे घर असल्याने रात्री बऱ्याच खिडक्या अंधाऱ्याच असतात.

राहायला आलेल्यांच्या तक्रारी मात्र चाळीतल्या माणसालाही ओळखीच्या वाटाव्यात अशा: पाणी गळते, लिफ्ट अडकते. जोराचा वारा सुटला की लिफ्टच्या तारा डोलतात, म्हणून ती हळू चालवावी किंवा थांबवावी लागते. भिंती कुरकुरतात. वरून कचरा टाकला की तो नळीतून बॉम्बसारखा आदळतो, अशीही एक तक्रार होती; कचरापेटीवरून सुचलेल्या इमारतीला हे शोभूनच दिसते. उपाहारगृहात वर्षाला करायचा किमान खर्च सुरुवातीला १,२०० डॉलर होता, तो २०२१ पर्यंत १५,०००वर गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मालकांच्या मंडळाने पंधराशेहून अधिक दोषांचा हवाला देत विकासकांवर १२.५ कोटी डॉलरचा दावा लावला.