आम्लप्रक्रिया, ठिबक संचातील

ठिबक संचाच्या नळ्यांत व ड्रिपरांत साचलेला चुन्याचा थर विरघळवण्यासाठी, किंवा तो साचूच नये म्हणून, पाण्यात आम्ल सोडण्याची क्रिया. खानदेशात ती ‘ॲसिड ट्रीटमेंट’ म्हणूनच ओळखली जाते. ठिबक साहित्याच्या निर्मितीचे मोठे केंद्र जळगावलाच असल्याने येथे ती लवकर रुळली असावी. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीबागा मुख्यतः तापीच्या गाळपट्ट्यातील ट्यूबवेलवर पोसल्या जातात आणि प्रश्न मुख्यतः याच कठीण (क्षारयुक्त) पाण्याचा आहे.

भूजलात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. कार्बन डायऑक्साइड निघून गेला किंवा पाणी तापले की त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन साका बसतो. हा थर नेमका कोठे बनतो याविषयी दोन मते आहेत. पंप बंद झाल्यावर ड्रिपरच्या तोंडाशी पाणी आटते व तेथे पांढरे टोक धरते, हे मत अधिक प्रचलित आहे. दुसऱ्या मतानुसार उन्हाने तापलेल्या काळ्या लॅटरलमध्येच (ड्रिपर बसवलेल्या, पिकाच्या ओळीतील नळीतच) कण तयार होतात. नळीच्या आतल्या भिंतीवर आढळणारा थर केवळ बाष्पीभवनाने उलगडत नाही. त्यामुळे निदान खानदेशच्या उन्हाळ्यापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

थर विरघळवण्याऐवजी तो रोखण्याची कल्पनाही सिंचनाच्याच पाण्यातून आली. कठीण पाण्यात अमोनिया खत सोडल्यावर बसणारा साका अत्यल्प मेटाफॉस्फेटने (एका फॉस्फरसयुक्त क्षाराने) टळतो, असे रोझेनस्टाइन यांच्या १९३६ च्या अमेरिकन पेटंटात नमूद आहे. हॅच व राइस यांनी १९३९ मध्ये याची मांडणी केली आणि श्रेय बहुधा त्यांनाच दिले जाते. तारखा पाहता रोझेनस्टाइन यांचा अग्रक्रम मान्य करावा लागतो. दर दशलक्ष भागांत काही भाग एवढे रसायन पाण्यातले सारे कॅल्शियम बांधून ठेवू शकत नाही. ते नवजात स्फटिकांच्या पृष्ठावर चिकटते व त्यांची वाढ खुंटवते.

पुढे हेच तत्त्व तेलविहिरींत फॉस्फोनेटे (फॉस्फरसयुक्त सेंद्रिय संयुगे) व बहुवारिके (पॉलिमर) यांच्या रूपाने वापरात आले. खानदेशात तेलविहिरी नाहीत. तुलनेपुरता उल्लेख पुरे. तेलविहिरीत रसायन खडकात दाबून भरतात आणि ते पाण्याबरोबर सावकाश परत येत राहते. आडव्या विहिरीत उभ्या भागाजवळचा खडक बरेचसे रसायन घेऊन टाकतो व दूरचे टोक कोरडे राहते. म्हणून लवचीक नळी टोकापर्यंत नेतात किंवा दाट द्रवाने जवळची वाट तात्पुरती अडवतात. बेरियम सल्फेटचा थर आम्लाला जवळजवळ दाद देत नाही, त्यामुळे तेथे प्रतिबंधावरच भर असतो. खानदेशातील थर मुख्यतः कार्बोनेटाचा आहे. तो आम्लात सहज विरघळतो आणि बहुधा त्यामुळेच प्रतिबंधक रसायने येथे मागे पडली.

मात्र दूरच्या टोकाची अडचण लॅटरललाही चुकलेली नाही. व्हेंचुरीतून (वाहत्या पाण्याच्या ओढीने द्रव आत खेचणाऱ्या साधनातून) आम्ल सोडताना मात्रा पंपाजवळ न ठरवता शेवटच्या ड्रिपरचे पाणी पीएच कागदावर पाहून ठरवतात. तेथे पीएच ४ च्या आसपास आला की संच बंद करून सामान्यतः २४ तास तसाच ठेवतात, नंतर सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारी नळी) व लॅटरलची टोके उघडून फ्लश करतात. हायड्रोक्लोरिक आम्ल सर्वाधिक वापरात आहे. फॉस्फरिक आम्लाने खतही मिळते, पण कॅल्शियमयुक्त पाण्यात पीएच पुरेसा खाली नसल्यास त्याचाच साका बसतो. आम्ल नेहमी पाण्यात ओततात, आम्लात पाणी कधीच नाही.

शेवाळासाठीची क्लोरीन प्रक्रिया वेगळी आहे. ती याच वेळी करता येत नाही, कारण आम्लाशी गाठ पडताच ब्लीचिंग पावडरीतून विषारी क्लोरीन वायू सुटतो.