धुरंधरांची चित्रे नागपुरात पोचली ती ब्लॉकवरून

चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७चा, कोल्हापूरचा. मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरला पोचली तीही त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग. पण धुरंधरांची चित्रे इकडच्या घरांत आली ती याच रुळांवरून, टपालाच्या डब्यातल्या मासिकांबरोबर.

नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. सरकार वेगळे, मुंबई इलाख्याशी कारभाराचा संबंध नाही. धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, पुढे तिथेच शिक्षक झाले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांनी पटकावले. पण त्या प्रदर्शनाला नागपूरच्या महाल भागातून किंवा सीताबर्डीहून कोण जाणार? इथल्या वाचकाची चित्रांशी गाठ पडायची ती अंकाच्या पानावर. म्हणून धुरंधरांचा विचार तैलचित्रांपासून सुरू करू नये, छापखान्यापासून करावा, असे मला वाटते.

१८९५ सालीच काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’ काढले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक. मराठी दिवाळी अंकांची सुरुवात आपण तिथून मोजतो. पुरुषोत्तम विश्राम मावजींच्या ‘सुवर्णमाला’साठी धुरंधरांनी चित्रे काढली. १९१६ साली हाजी महंमद अल्लारखिया यांनी ‘वीसमी सदी’ हे गुजराती मासिक सुरू केले, त्यातही ते होते. गुजराती वाचकालाही नऊवारीतली बाई ओळखीची झाली, ती बरीचशी त्यांच्यामुळे.

ही छपाई कशी व्हायची ते पाहिल्याशिवाय त्यांच्या रेषेचे मर्म कळत नाही. ब्लॉक म्हणजे छपाईचा धातूचा ठसा. नुसत्या शाईच्या चित्राचा लाइन ब्लॉक होई: जस्ताच्या पत्र्यावर रेघा राखायच्या आणि बाकीचा भाग आम्लाने खाऊ द्यायचा. छटा हव्या असतील तर हाफटोन. त्यासाठी चित्राचा फोटो बारीक जाळीतून घेत, मग काळोखाच्या जागी मोठे ठिपके आणि उजेडाच्या जागी बारीक. रंगीत चित्राला पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन ब्लॉक लागत, आणि ते एकावर एक अचूक बसावे लागत. एखादा केसभर सरकला की ओठांची लाली हनुवटीवर उतरे. साध्या खरबरीत कागदावर हे जमत नसे, म्हणून रंगीत चित्र गुळगुळीत आर्ट पेपरवर वेगळे छापून अंकात चिकटवत. असे सुटे पान अलगद काढून चौकटीत बसवणे सोपे; जुन्या बांधीव अंकांत नेमकी चित्राचीच जागा रिकामी दिसते ती बहुधा यामुळे.

या सगळ्या व्यापात नाजूक चित्राची माती व्हायला वेळ लागत नसे. धुरंधरांचे चित्र मात्र टिकते. आकृतीची कड ठाम आणि उभे राहण्याची ढब लांबून ओळखू येणारी. त्यांच्या बायकांचे चेहरे एकाच घरातल्या बहिणींसारखे वाटतात, ही तक्रार मला मान्य आहे. पण कासोट्याची ओढ, पदर खोचलेली कंबर, डोक्यावरचे ओझे सावरणारा हात पाहावा. तिथे पुनरावृत्ती नाही.

पुस्तकांचे काम त्यांना बरेचसे इंग्रज अधिकाऱ्यांकडून मिळाले. मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’च्या १९१२च्या आवृत्तीत त्यांची चित्रे आहेत. ऑटो रॉथफील्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी (१९२०) त्यांनी ४८ रंगीत चित्रे केली. पण मला सगळ्यांत गंमत वाटते ती किंकेडच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ची (१९१४). त्यातल्या गोष्टी म्हणजे आपल्या श्रावणातल्या वारांच्या कहाण्या! नागपुरातही पाटावर बसून तांदळाचे दाणे हातात धरून ऐकल्या जाणाऱ्या. त्या इंग्रजीत गेल्या, लंडनच्या मॅकमिलनने छापल्या, आणि चित्रे काढली कोल्हापूरच्या माणसाने. नागोबा आणि ब्राह्मणाच्या सुना कशा दिसतात हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

दरम्यान बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकुरांच्या स्वदेशी वळणाच्या चित्रसंप्रदायाचा बोलबाला झाला होता आणि जे. जे.चे वास्तववादी शिक्षण ‘परकी’ ठरू लागले होते. त्या वादात धुरंधरांसारख्यांचे नाव मागे पडले; त्यात मासिकांसाठी चित्रे काढणारा म्हटला की समीक्षक आधीच नाक मुरडणार. लोकांनी मात्र शिवराज्याभिषेकाचे त्यांचे चित्र सोडले नाही.

जे. जे.मध्ये ते १९३० साली हंगामी संचालकपदापर्यंत पोचले. निवृत्तीनंतर ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहिले. ते १९४० साली आले. मुलगी अंबिकाही चित्रकार झाली. १९४४ साली धुरंधर गेले. पुढच्याच वर्षी चित्रकार दीनानाथ दलालांचे ‘दीपावली’ निघाले, आणि मुखपृष्ठ पाहून दिवाळी अंक विकत घेण्याची मराठी वाचकाची सवय पक्की झाली.