प्लेन टायगर की डॅनेड एगफ्लायची मादी? मागचा पंख दाखवा आधी

पाऊस उघडला की आपल्या मराठवाड्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर नारिंगी फुलपाखरांचे फोटो धडाधड पडायला लागतात, कुणी गौताळा अभयारण्यातून टाकतं, कुणी तुरीच्या बांधावरून, कुणी गच्चीतल्या झेंडूवरून, आणि खाली सगळे "प्लेन टायगर" लिहून मोकळे. बऱ्याचदा ते बरोबरच असतं म्हणा. पण मधेच एखादं असं येतं की जे प्लेन टायगर नसतंच, ती डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी असते.

पुढचे पंख बघत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. नारिंगी रंग, टोकाला काळं, त्या काळ्यात तिरपा पांढरा पट्टा, दोघींचं सेम टू सेम. नजर डायरेक्ट मागच्या पंखावर न्यायची. प्लेन टायगरला तिथं मधल्या भागात तीन बारीक काळे ठिपके असतात, आणि नर असला तर त्याच्या खाली अजून एक, जरा मोठा, मधे पांढरट, ती त्याची गंधाची पिशवी, म्हणजे नर-मादी पण तिथंच कळून जातं. एगफ्लायच्या मादीला ठिपका एकच, आणि तो पण मधे नाही, पंखाच्या वरच्या कडेला, त्यामुळं पुढचा पंख जरा मागं सरकलेला असला की झाकूनच जातो. म्हणजे फोटोत मागचा पंख एकदम कोरा नारिंगी दिसला तरी एगफ्लायच समजा.

अजून शंका असली तर पंखाची कडा बघा. एगफ्लायची कडा नागमोडी कातरल्यासारखी असते, काळ्या काठात पांढऱ्या चंद्रकोरी. प्लेन टायगरची त्यामानानं सरळ, काठात पांढरे टिपके. (पंखांवरच्या शिरा जाड काळ्या, पट्ट्यापट्ट्याच्या दिसत असतील तर तो स्ट्राइप्ड टायगर, त्यात गोंधळायचं काही कारणच नाही.)

आता एवढी सेम कशाला, तर सगळा खेळ रुईचा आहे. प्लेन टायगरची अळी रुईची पानं खाऊन वाढते, ती काळी-पांढरी-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या, मारुतीच्या हारासाठी पानं तोडताना बघितली असेल कधीतरी. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, ते अळीच्या अंगात साठतं आणि पुढं फुलपाखरातही राहतं. पाखरानं एकदा चोच मारली, ओकारी आली, की परत त्या रंगाच्या वाटेला जात नाही. आणि एगफ्लायची अळी कशावर, तर घोळीवर! डाळ घालून आपण भाजी करतो तीच घोळ. त्यात कसलं आलंय विष, म्हणून ही बाई नुसते कपडे उसने घालून फिरते. याला बेट्सियन मिमिक्री म्हणतात, हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग अभ्यासकानं अॅमेझॉनच्या जंगलातली फुलपाखरं बघून 1862 मध्ये हे मांडलं होतं. सोंग टिकायचं तर खरे विषारी जास्त आणि नकली कमी पाहिजेत, नाहीतर पाखरांना चव कळते, त्यामुळं पहिला अंदाज प्लेन टायगरचा धरायला हरकत नाही, फक्त ठिपके मोजून.

गंमत म्हणजे एगफ्लायचा नर या भानगडीतच नाही. तो काळा, प्रत्येक बाजूला तीन पांढरे गोलसर डाग, दोन पुढच्या पंखावर आणि एक मागच्या, डागांच्या कडेला उन्हात जांभळी-निळी झाक मारते. नर आणि मादी एकाच जातीचे आहेत हे सांगितलं तर लोक खोटं समजतात.

उडण्यावरून पण अंदाज येतो. प्लेन टायगर निवांत, त्याला कुणाची भीतीच नाही. एगफ्लायची मादी पण तसंच आरामात उडायचं नाटक करते, पण तुम्ही जवळ गेलात की नाटक सोडून सुसाट पळते. अंडी घालताना दिसली तर काम अजून सोपं, रुईवर घिरट्या घालत असेल तर प्लेन टायगर, खाली जमिनीलगत घोळीपाशी घुटमळत असेल तर एगफ्लाय. हल्ली सोयाबीनमध्ये तणनाशक मारून मारून घोळच कमी दिसते ते वेगळंच. आणि ओळख पटवायला पकडून डबीत घालू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं एगफ्लायला संरक्षण आहे. ऊन खायला बसली की पंख पूर्ण उघडते, तेव्हा वरून एक फोटो घ्या, मागचा पंख अख्खा आला पाहिजे एवढंच बघा.